शिडी, नंबर सतरा

भिंगबाईंनी सतरा नंबरचा कागद तिसऱ्यांदा टेबलावर घेतला, तेव्हा पलीकडे पुठ्ठे कापत बसलेल्या फ्रेमवाल्याला राहवलं नाही. "बाई, पुन्हा तोच? बाकीचे एकोणतीस रुसतील हो," तो म्हणाला. एरवी त्याच्या फालतूतल्या फालतू विनोदालाही बाई मान डोलवायच्या. आज त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. फ्रेमवाला ओशाळला आणि पट्टी सरळ धरून पुन्हा कापायला लागला.

भिंगबाई हे नाव संग्रहालयातल्याच कुणीतरी पाडलेलं. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग त्या घरीसुद्धा काढत नाहीत, अशी वदंता होती आणि ती खरी होती. पस्तीस वर्षं त्यांचं काम एकच. समोर आलेली प्रिंट कलावंताच्या प्लेटवरून हाताने काढलेली, म्हणजे अस्सल आहे, की अशा एखाद्या प्रिंटचा फोटो काढून छापखान्यात बारीक ठिपक्यांनी उतरवलेली नक्कल आहे, ते सांगायचं. लोक दिवाणखान्यात वर्षानुवर्षं जपलेलं चित्र कापडात गुंडाळून आणायचे आणि बाई दोन मिनिटांत त्यांचे चेहरे उतरवायच्या. एकदा एका म्हाताऱ्याने आईची आठवण म्हणून ठेवलेलं चित्र आणलं होतं. "पुन्हा एकदा नीट बघा ना," तो दोनदा म्हणाला. बाई म्हणाल्या, "ठिपके ते ठिपके. पुन्हा बघून ते जाणार आहेत का?" आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

या खेपेचं काम खरं तर लाडाचं होतं. आबांच्या 'शिडी' या एचिंगच्या तीसच्या तीस प्रिंट्स पहिल्यांदाच एका भिंतीवर येणार होत्या. आबा म्हणजे जुने चित्रकार, त्यांना जाऊन आता पस्तीस वर्षं झाली. 'शिडी' हे त्यांचं शेवटचं काम. तांब्याच्या प्लेटवर सुईने ओढून, आम्लात बुडवून कोरलेलं चित्र: भिंतीला टेकलेली एक शिडी, तिच्यावर कोणी नाही, आणि खाली एकच चप्पल. त्या तीस प्रिंट्स काढल्या होत्या बाईंच्या सख्ख्या भावाने, दादाने, स्वतःच्या प्रेसवर. आणि दादाच्या हाताखाली तेव्हा होती ती बावीस वर्षांची बहीण, म्हणजे या बाई.

आबांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. पुढे सही जमेल न जमेल, म्हणून त्यांनी कोऱ्या कागदांवरच पेन्सिलीने सह्या करून ठेवल्या, एक ते तीस नंबर घातले आणि गठ्ठा दादाकडे दिला. म्हणजे एकही कागद वाया घालवायची सोय नव्हती. तीस झाल्या की प्लेट रद्द करायची, म्हणजे तिच्यावर आरपार एक ओरखडा मारायचा, की पुन्हा कोणी तिच्यावरून प्रिंट काढू नये. तो ओरखडा दादाने मारला नाही. त्याने सुई बहिणीच्या हातात दिली. मान होता तो. बाई दरवर्षी कलाशाळेच्या मुलांना हे सांगायच्या आणि सांगताना हात हवेत असा तिरका ओढायच्या, की शेवटच्या बाकावरचीही पोरं टाळ्या वाजवायची.

तर आता हा सतरा नंबर. सही आबांचीच होती, शेवटच्या अक्षराची थरथर बाईंनी डोळे मिटूनही ओळखली असती. कागद तोच, हातकागद, तेच जलचिन्ह. चित्राभोवती प्लेटच्या दाबाने बसलेली चौकट होती. आणि भिंगाखाली ठिपके. शिडीच्या प्रत्येक पायरीत, चपलेच्या अंगठ्यात, भिंतीच्या सावलीत, सगळीकडे बारीक, रांगेत बसलेले, निगरगट्ट ठिपके. हाताने काढलेल्या प्रिंटमध्ये शाई कागदावर उभी राहते, बोटाला लागते. इथे ती मेल्यासारखी सपाट होती.

पहिल्या दिवशी बाईंनी भिंग पुसलं. दुसऱ्या दिवशी डोळे तपासून घ्यायचा विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि टेबलावरचा एकच दिवा कागदाच्या कडेला अगदी आडवा धरला. तेव्हा कागदावर दुसरंच चित्र उठून आलं. छापलेल्या रेषांच्या शेजारी, केसभर बाजूला, बिनशाईच्या उठावाच्या रेषा होत्या. म्हणजे छापून झाल्यावर कुणीतरी खरी प्लेट शाई न लावता वरून दाबली होती, चौकट यावी म्हणून. आणि उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक उठाव तिरका गेला होता. शेवटी त्याला छोटीशी आकडी होती.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. प्लेटवर डावीकडून उजवीकडे मारलेला ओरखडा कागदावर उलटा उमटतो, हे त्यांना झोपेतही कळत होतं. ती आकडी हात घसरून झाली होती. हात कोणाचा घसरला होता, हेही कोणी सांगायला नको होतं.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"दिवे लाव," त्या म्हणाल्या.

ती प्लेट रद्द झाल्यापासून संग्रहालयात येईपर्यंत दादाच्या प्रेसमधून कधी बाहेर गेली नव्हती. सही केलेले कागदही त्याच्याकडेच होते. म्हणजे हे करू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि शनिवारी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्याच माणसाचा व्यासपीठावर सत्कार होता. निमंत्रणपत्रिकेवर आबांच्या खाली दादाचं नाव छापलं होतं, तेही ठसठशीत. दुपारी संचालक डोकावून गेले. वयाने बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, सदा घाईत. "बाई, तुमचा अहवाल उद्या संध्याकाळपर्यंत हं. तीसच्या तीस अस्सल, एवढी एक ओळ मिळाली की मी सुटलो." बाई हो म्हणाल्या. जीभ आपोआप हो म्हणाली.

घरी त्यांना कुठेच चैन पडेना. कपाट उघडून त्या उभ्या राहिल्या, कशासाठी ते आठवेना म्हणून बंद केलं, आणि मग आठवलं तेव्हा उघडायचा कंटाळा आला. वर्तमानपत्र उभ्यानेच वाचलं. नवरा म्हणाला, "अगं बस तरी. घर काही पळून जात नाही." त्या बसल्या आणि पाय हलवत राहिल्या. दादा लबाड निघाला, हे वाक्य मनात शंभरदा जुळवून पाहिलं तरी बसत नव्हतं. शाईचा डबा उघडा राहिला म्हणून ज्याला जेवण जात नसे, तो माणूस हे करेल? पण कागद तर खोटं बोलत नाही, हे त्यांनीच आयुष्यभर सगळ्यांना सांगितलेलं.

सकाळी त्या दादाकडे निघाल्या. बसमध्ये बसवेना, म्हणून एक थांबा आधीच उतरून चालत गेल्या. दादाने प्रेस आठ वर्षांपूर्वी विकली होती, फक्त तिचं मोठं लोखंडी चाक गॅलरीत ठेवून घेतलं होतं. वहिनी त्यावर टॉवेल वाळत घालायच्या. दादा त्या चाकाशेजारीच खुर्चीत बसला होता. त्याची नजर आता इतकी गेली होती की माणूस बोलल्याशिवाय कळत नसे.

"दादा, मी आले."

"पावलांवरून कळलं. एवढी काय धाप लागलीय? बस. अगं ए, चहा टाक, वाघीण आलीय."

बाई बसल्या नाहीत. "दादा, सतरा नंबर."

दादाने कुठला सतरा नंबर, असं विचारलं नाही. त्यातच काय ते आलं. त्याने चष्मा काढला, उगाच पुसला आणि पुन्हा चढवला. "मीच केलं," तो म्हणाला. "आबांच्या सहीची एक प्रिंट मला हवी होती. ठेवून घेतली आणि गिऱ्हाइकाला नक्कल दिली. हाव सुटली, दुसरं काय."

"मग दाखव ना."

"काय?"

"ठेवून घेतलेली. सही तर नकलेवरच आहे दादा. खरी सही, सतरा नंबर, सगळं तिच्यावर. मग तू सहीवाली कुठली ठेवून घेतलीस?"

"वकील व्हायला हवी होतीस तू," दादा म्हणाला.

"आणि हाव सुटलेला माणूस एकावर थांबत नाही. दहा करतो. मी पस्तीस वर्षं हेच बघतेय. खरं काय ते सांग, मला काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन दारात आल्या. "सांगून टाका हो आता," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं त्या कपाटाचा तळचा कप्पा अडवून ठेवलाय. माझ्या चादरींना जागा नाही आणि यांच्या गुपिताला आहे. थांबा वन्सं, मीच आणते."

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाला. पण वहिनी गेल्याही होत्या.

त्यांनी आणलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटात एक प्रिंट होती. शिडी, भिंत, चप्पल. खाली सही नाही, नंबर नाही. बाईंचा हात आपसूक भिंगाकडे गेला. शाई कागदावर उभी होती. सावलीत हाताने पुसल्याचे फराटे होते, आणि खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा डाग. सतरा नंबरवर हाच डाग होता, ठिपक्याठिपक्यांचा. फोटो हिचा काढला होता.

"ही चाचणीची," दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. "पहिली काढली होती ना, शाई कशी बसतेय बघायला, साध्या कागदावर. ती पण दोरीवर वाळत टाकली. शेवटच्या दिवशी तू दोरीवरचे कागद मोजलेस. तीस. मीही नजर टाकली, मला तीसच दिसले. सुई तुझ्या हातात दिली. दोन दिवसांनी ओले टीपकागद उचलायला गेलो, तर त्यांच्या खाली चिकटून सतरा नंबर. सही आहे, नंबर आहे, आणि कागद कोरा."

बाईंना प्रथम काही समजलंच नाही, आणि मग एकदम समजलं. दोरीवरच्या तीस कागदांत एक चाचणीचा होता. त्यांनी तो धरून मोजला होता. एक प्रिंट काढायची राहिलेली असताना त्यांनी प्लेटवर ओरखडा मारला होता, तिरका, ऐटीत, आणि शेवटी हात घसरला होता. त्यांना लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. हवेत हात ओढून टाळ्या घेतलेली सगळी वर्षं एकामागून एक आठवायला लागली.

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगायचं? त्याच सकाळी आबा गेले. सोमवारी तू संग्रहालयात रुजू होणार होतीस. आबांनी शिफारसपत्रात काय लिहिलं होतं, विसरलीस? 'या मुलीच्या मोजणीत चूक होत नाही.' ते पत्र पुढे गेलेलं आणि मी मागून सांगत जाऊ, की पहिल्याच मोठ्या मोजणीत चुकली? तीस जणांना शब्द दिलेला. प्लेट गेली, आबा गेले. मी ऑफसेट छापखान्यावाल्या मित्राकडे गेलो. कागद एकच होता, तो छापून आणला आणि वरून प्लेट दाबली. पाप माझं आहे. तू मोजणीत चुकलीस एवढंच. फसवलं मी."

"दादा, माझा अहवाल आज जायचाय."

"मग जाऊ दे की. अस्सल लिही. तुझ्याशिवाय कोणाला दिसणार आहे ते?" मग एकदम खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "माझं सोड गं. मला दिसतही नाही, सत्कार काय आणि नसत्कार काय. तुझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. हे बाहेर आलं तर भिंगबाई म्हणून कोण विचारेल तुला?"

बाई वहिनींना म्हणाल्या, "ही प्रिंट मी नेऊ?"

"न्या बाई, न्या," वहिनी म्हणाल्या. "चहा पिऊन न्या."

चहा तसाच राहिला. संग्रहालयात येऊन बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. सतरा नंबरसमोर दोन चौकोन होते, अस्सल आणि नक्कल. पेन पहिल्या चौकोनावर गेलं आणि तिथेच राहिलं. एक बारीक खूण. दादाचं नाव निमंत्रणपत्रिकेवर तसंच राहील, त्यांचंही राहील, प्रदर्शन होईल, सगळे घरी जातील. फ्रेमवाला शीळ घालत होता. बाईंनी त्याला गप्प बस म्हणून सांगितलं, मग उठून खिडकी उघडली, मग लावली. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांना तो आईचं चित्र घेऊन आलेला म्हातारा आठवला. पुन्हा एकदा नीट बघा ना. त्याला काय हवं होतं, ते त्यांना आत्ता कळलं, आणि तरीही त्याला दुसरं काही सांगता आलं नसतं हेही कळलं. निदान खुर्ची तरी द्यायला हवी होती.

त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. शेऱ्याच्या जागेत लिहिलं: 'प्लेट एक प्रिंट शिल्लक असताना रद्द झाली. मोजणीची चूक व ओरखडा माझा. नक्कल मुद्रकाने केली, ती माझी चूक झाकण्यासाठी.' आणि खाली पूर्ण सही केली.

संचालकांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. "बाई, हे असंच छापायचं?"

"असंच."

"दादांचा सत्कार मग मला ठेवता येणार नाही."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता.

सतरा नंबर ज्यांच्या घरातून आला होता त्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंना बाईंनी स्वतः फोन केला. "म्हणजे मी पस्तीस वर्षं फोटो बघत बसले?" आवाज आला. बाईंनी माफी मागितली, दोनदा. "बरं," पलीकडून आलं, "आता लावा तो तसाच. आणि खरी पण लावा शेजारी. काय हुकलं ते बघू तरी द्या."

शनिवारी व्यासपीठावर एक खुर्ची कमी होती. कार्यक्रमपत्रिकेवरच्या एका ओळीवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि ती नखाने खरवडून बघायची खोड जवळजवळ सगळ्यांनाच होती. भिंतीवर एक ते तीस रांगेने लागल्या होत्या. सतराच्या जागी दोन फ्रेमा होत्या. वर सही असलेली नक्कल, तिच्याखाली बिनसहीची प्रिंट, आणि समोर काचेच्या पेटीत ओरखडा मारलेली प्लेट. गर्दी अर्थातच तिथेच होती. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. कोणी आपल्याकडे बघून कुजबुजलं की त्या भिंग चाचपायच्या. आज कलाशाळेची मुलंही आली होती. त्यांच्याकडे तर बघायची सोयच नव्हती.

दादा येणार नाही असंच त्यांना वाटत होतं. तो आला. वहिनींचा कोपर धरून, ठेवणीतला कोट घालून, ज्याचा सत्कार रद्द झाला तो हा माणूस सरळ भिंतीच्या पहिल्या टोकाला गेला. बाई धावत त्याच्याजवळ पोचल्या. "दादा, चल, तिकडे बसू या."

"थांब गं. मोजू दे."

त्याला चित्र दिसत नव्हतं, फ्रेमा मात्र काळ्या चौकोनांसारख्या कळत होत्या. एकेका फ्रेमला बोट लावत, पुटपुटत तो पुढे सरकायला लागला. रखवालदार अस्वस्थ झाला, पण संचालकांनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. एक, दोन, तीन. लोक बाजूला होत गेले. सोळा झाल्या. दादाने वरची फ्रेम चाचपली, खालची चाचपली. "खरी कुठली?" त्याने विचारलं.

"खालची."

त्याने वरचीवरून हात काढला आणि खालच्या फ्रेमच्या काचेवर बोट टेकवलं. "सतरा," तो मोठ्याने म्हणाला, आणि पुढे निघाला. अठरा, एकोणीस, वीस. शेवटच्या फ्रेमपाशी पोचला तेव्हा त्याला दम लागला होता. बाईंनी त्याचा दंड धरला. तो त्यांच्याकडे वळला, चेहरा थोडा चुकीच्या दिशेला.

"तीस," दादा म्हणाला. "बरोबर मोजलं होतंस गं तू. काढल्या आपण तीसच होत्या."